दुसरा डाव

युधिष्ठिर द्यूतात सगळं हरला, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तो दोनदा खेळायला बसला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. माझी आजी चातुर्मासात पोथी वाचायची. वस्त्रहरणाच्या अध्यायात कृष्ण धावून आला की ती पदराने डोळे पुसायची, आणि आम्हा पोरांसाठी द्यूत तिथेच संपायचं. पुढचं मी कॉलेजात असताना सभापर्वाच्या भाषांतरात वाचलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

एवढी विटंबना झाल्यावर धृतराष्ट्र द्रौपदीला ‘वर माग’ म्हणतो. पहिल्या वराने ती युधिष्ठिराला दास्यातून सोडवते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, रथ-धनुष्यांसकट. तिसरा ती मागतच नाही. लोभाने धर्म बुडतो, म्हणते. राज्यही परत मिळतं. सगळे इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात आणि मागून निरोप येतो, परत या, आणखी एक डाव होऊ दे.

युधिष्ठिर परत फिरतो! यात नाश आहे हे कळत असूनही थोरल्यांची आज्ञा मला मोडवत नाही, असं स्वतःच्या तोंडाने म्हणतो. एकच डाव. हरणाऱ्याला बारा वर्षं वनवास आणि तेरावं वर्ष अज्ञातवास.

‘विधिलिखित होतं हो’ हे उत्तर मला कधीच पटलं नाही. पहिल्या वेळी खेळाच्या भरात भान सुटलं, असं फार तर म्हणता येईल. दुसऱ्या वेळी ती सोय नाही. व्यासांनीही ती ठेवलेली नाही. वनपर्वात भीम टोचून टोचून बोलतो तेव्हा धर्मराज कबूल करतो की दुर्योधनाचं राज्य आपल्याला मिळावं म्हणूनच मी फासे हातात घेतले होते. आज्ञेच्या आड हावही होती तर.

आणि भोगलं कुणी? म्हाताऱ्या कुंतीला विदुराच्या घरी दिवस काढावे लागले. द्रौपदीची पाच मुलं आईपासून लांब वाढली आणि युद्ध संपल्यावर त्याच रात्री अश्वत्थाम्याने ती झोपेत मारली. डाव मांडताना यांतल्या एकालाही कुणी विचारलं नव्हतं.

माझे एक काका मित्राला जामीन राहिले. मित्राने हप्ते थकवले, काकूच्या पाटल्या मोडून कर्ज फिटलं. तीन वर्षांनी त्याच मित्रासाठी काकांनी पुन्हा सही केली. ‘शब्द टाकलाय त्याने, नाही कसं म्हणू?’ काकू ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं आणि परत चालू झालं. ती एक अक्षर बोलली नाही. तेव्हापासून हा प्रसंग वाचताना मी युधिष्ठिराकडे बघतच नाही, वाटेवरच्या रथात बसलेल्या द्रौपदीकडे बघते. आत्ता कुठे तिने सगळ्यांना सोडवून आणलं होतं.

विराटपर्व तर मला सहनच होत नाही. अज्ञातवासात कुठलंही सोंग घेता आलं असतं. युधिष्ठिर कंक होतो, राजाशी फासे खेळणारा. राजाचा मेहुणा कीचक भर दरबारात सैरंध्री झालेल्या द्रौपदीला लाथ मारतो. ती न्याय मागत उभी असते. आणि कंक तिला सांगतो, तू आत जा, इथे खेळात व्यत्यय येतोय.