वाणी कोला आणि 657 दशलक्ष डॉलर: आकडा खरा, अर्थ चुकीचा

‘वाणी कोला यांनी राइटवर्क्स कंपनी 657 दशलक्ष डॉलरला विकली आणि त्याच पैशातून कलारी कॅपिटल उभी केली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. राइटवर्क्स ही कोला यांनी अमेरिकेत स्थापन केलेली सॉफ्टवेअर कंपनी; कलारी ही नव्या कंपन्यांत पैसा गुंतवणारी संस्था. या मजकुरातला आकडा तेवढा बरोबर आहे.

2000 साली इंटरनेट कॅपिटल ग्रुप या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने राइटवर्क्स पूर्ण विकत घेतली नव्हती, बहुमताचा हिस्सा घेतला होता. मोबदलाही मुख्यतः स्वतःच्या शेअरमध्ये दिला, रोख थोडीच. घोळ इथेच होतो: 657 ही कराराच्या वेळच्या भावाने काढलेली किंमत. डॉट-कॉमचा फुगा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचे फुगलेले भाव, फुटला आणि वर्षअखेरीस त्या शेअरचा भाव उच्चांकापासून 90 टक्क्यांहून जास्त खाली आला होता. शिवाय ती रक्कम सगळ्या भागधारकांची होती, एकट्या संस्थापिकेची नव्हे. 2001 मध्ये राइटवर्क्स आयटू टेक्नॉलॉजीज या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली.

भारतात परतल्यावर त्यांनी 2006 मध्ये विनोद धाम व कुमार शिरळगी यांच्यासोबत इंडो-यूएस व्हेंचर पार्टनर्स सुरू केली. याच संस्थेचे कलारी हे नाव नंतरचे.

अशा संस्था चालवतात त्या व्हेंचर फंडातला बहुतेक पैसा बाहेरच्या गुंतवणूकदारांचा असतो. समजा 100 कोटींच्या फंडाचे 250 कोटी झाले. प्रचलित 20 टक्के वाट्यानुसार 150 कोटींच्या नफ्यातले 30 कोटी व्यवस्थापकांना मिळतात, तेही मूळ 100 कोटी परत केल्यावर. म्हणून फंडाचा आकार कुणाची वैयक्तिक संपत्ती म्हणून सांगू नये. कोला यांनी उद्योजिका आणि गुंतवणूकदार अशा दोन्ही बाजूंनी केलेले खरे काम त्यात झाकले जाते.