सेंट ऑगस्टिनचा मनोरा 'पडू दे' म्हणण्याआधी

नमस्कार. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही विचारलंत, 'ज्यांनी आपली देवळं पाडली त्यांच्या पडक्या चर्चचं कौतुक कशाला? अर्ध्या मनोऱ्याशिवाय तिथे आहे काय? पडू दे की!'

तुमचा राग मला समजतो. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने खटले चालवणारं चर्चचं न्यायासन, गोव्यात 1560 साली आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत टिकलं. मंगेश, शांतादुर्गा यांना जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात (आजच्या फोंड्याकडे) न्यावं लागलं. हे झाकून या अवशेषांच्या टेकडीबद्दल बोलूच नये.

पण हे चर्च आपल्यापैकी कुणी पाडलेलं नाही. 1602 साली ते पुरं झालं. 1834 मध्ये पोर्तुगाल सरकारनेच धार्मिक संघ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी इथले ऑगस्टिनी साधू गेले. मागे उरला जांभा. जांभ्याला गिलावा लागतो, डोक्यावर छप्पर लागतं. कोकण-गोव्यात घर बांधलेल्या कुणालाही हे सांगायला नको. 1842 मध्ये घुमटाकार छत कोसळलं. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा गेला. उरलेला तुकडाही बराच उंच आहे. घंटा मात्र वाचली, ती आज पणजीच्या चर्चमध्ये आहे.

आता 'आहे काय' याचं उत्तर. जॉर्जियाची राणी केतेवान धर्म बदलायला तयार नव्हती, म्हणून इराणच्या शाह अब्बासने 1624 साली शिराझमध्ये तिला हाल हाल करून मारलं. ऑगस्टिनी साधूंनी तिचे काही अवशेष गोव्यात आणून याच चर्चच्या मठात ठेवले. जुन्या पोर्तुगीज कागदांत त्यांची जागा नोंदलेली होती. पुरातत्त्व खात्याने त्या आधारे ढिगारा उपसला, हाडं सापडली आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या डीएनए तपासणीने ती तिचीच असल्याला बळकटी दिली. 2021 मध्ये भारताने त्यांतला काही भाग जॉर्जियाला दिला. धर्म सोडायला नकार देणाऱ्या बाईची हाडं जपणारा मठ, आणि त्याच शहरात लोकांना धर्मासाठी छळणारं न्यायासन! ही विसंगती समजून घ्यायला मला त्या जागेहून चांगली जागा माहीत नाही. ढिगारा बुलडोझरने साफ केला असता, तर हे कळलंच नसतं.

तिथे नवं चर्च उभारा, असं माझं म्हणणं नाही. तसं करूही नये. भिंतींचे सांधे चुन्याने भरावेत, माथ्यावर रुजणारी झाडं वेळीच काढावीत, एवढी मागणी आहे. आणि तुम्ही गेलात, तर मनोऱ्यापाशी फोटो काढून परतू नका. आत वेदींजवळ अजून रंगीत फरशा चिकटून आहेत, जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. मागे मठाच्या खोल्यांपर्यंत चालत जा. केतेवानचे अवशेष त्याच बाजूला सापडले.