दप्तर फोडू नये, पण विकू द्यावे

रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाखांना घेतली, तेव्हापासून गावाकडच्या मंडळींशी बोलताना एकच वाद निघतो: इतिहासाचा असा बाजार मांडावा का? मी राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये वसाहतकाळातल्या व्यापारी जहाजांचे कागद राजरोस विकले जातात आणि ते पाहून मला सरसकट ‘नाही’ म्हणवत नाही.

माल जहाजावर चढवल्याची छापील पावती पाहावी. आरंभी नक्षीदार मोठे अक्षर, मग देवाच्या कृपेने माल सुस्थितीत चढवल्याचा ठरीव मजकूर. रिकाम्या जागी पिसाच्या लेखणीने लिहिलेली जहाजाची व कप्तानाची नावे, आणि समासात व्यापाऱ्याची खूण, जी पिंपांवरही असे. एका मालाच्या सहसा तीन पावत्या होत आणि एकीवर माल सोडवला की उरलेल्या रद्द. असा निकामी कागद आजवर जपला गेला, त्यात संग्राहकांच्या पैशाचा वाटा मोठा आहे.

मात्र हाच पैसा गठ्ठे फोडतो. प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन बंधूंचे ‘सॅली’ जहाज १७६४ मध्ये रम घेऊन पश्चिम आफ्रिकेला गेले. कप्तान एसेक हॉपकिन्सच्या हिशेबवहीत रमचे गॅलन, विकत घेतलेली माणसे आणि त्यांचे मृत्यू एकाच कोरडेपणाने मांडले आहेत. १९६ माणसांपैकी किमान १०९ दगावली. वही अखंड राहिली म्हणूनच ब्राउन विद्यापीठाच्या समितीला २००६ च्या अहवालात संस्थेच्या संस्थापक घराण्याचा गुलामांच्या व्यापारातला हात इतक्या तपशिलाने दाखवता आला. पाने सुटी विकली गेली असती, तर रमचे पान कुणाच्या दिवाणखान्यात चौकटीत लागले असते आणि मृत्यूंचे भलतीकडेच गेले असते.

आपल्याकडे १९७२ चा कायदा ७५ वर्षांहून जुन्या ऐतिहासिक कागदपत्रांना पुरावशेष मानतो व त्यांच्या व्यापाराला परवाना मागतो. कायदा कडक आहे, तरी वाड्याच्या वाटणीत मोडीची दप्तरे, म्हणजे जुन्या कागदांचे बांधलेले गठ्ठे, रद्दीत जातात, कारण घरात ती वाचणारे कुणी नसते आणि बाहेर भाव देणारे कुणी नसते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून कागद मिळवत; तशी चिकाटी आज कुणाकडे मागावी? त्यापेक्षा दप्तर अखंडच विकावे आणि विक्रीआधी त्याची स्कॅन केलेली प्रत पुराभिलेखागारात द्यावी, एवढ्या अटीवर विक्री सोपी करावी. तलवारीवरच्या खर्चाचा अल्पसा हिस्सा जरी सरकारने यासाठी राखला, तरी वाड्याच्या दारात रद्दीवाल्याहून बरे गिऱ्हाईक उभे राहील.