खुलासा : कंपनीतल्या तपासणीचा रिपोर्ट कुणाकडे जातो?

अंधेरी, साकीनाक्याच्या कंपन्यांमधल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘ऑफिसच्या हेल्थ चेकअपचे रिपोर्ट कायद्याने थेट एचआरला आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरला जातात. शुगर निघाली की नोकरी गेली. रक्त देऊ नका.’

मी कंपन्यांच्या तपासणी शिबिरांत डॉक्टर म्हणून काम करते, म्हणून लिहितेय.

आपोआप कुणाकडेच जायला नको. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची माहिती गोपनीय असते, आणि रुग्णाने मागितल्यावर त्याला 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. फॅमिली डॉक्टरला रिपोर्ट पाठवायचा तर तुमची संमती हवी. एचआयव्हीबाबत 2017 चा कायदा आणखी कडक आहे : संमतीशिवाय चाचणी नाही, नोकरीसाठी सक्ती नाही.

मेसेजमध्ये थोडं तथ्यही आहे. धोकादायक रसायनांच्या कारखान्यांत तपासणी सक्तीचीच असते, आणि शिसं किंवा सिलिकामुळे होणाऱ्या आजारांसारखे व्यवसायजन्य आजार डॉक्टरला सरकारला कळवावे लागतात. शुगर-बीपी त्यात येत नाही. आणि हो, सही करायला दिलेला फॉर्म वाचाच. एचआरला काय जाणार ते तिथेच लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचारा.

उपाशीपोटी शुगर 126 किंवा जास्त आली तरी लक्षणं नसतील तर एका आकड्यावर मधुमेह ठरत नाही, चाचणी पुन्हा करतात. म्हणून तो कागद स्वतःच आपल्या डॉक्टरांना दाखवा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.