पीस नाहीत ना? मग व्हेजच!

शाकाहारी बंधू-भगिनींनो, बाहेर सुखाने जेवायचं असेल तर आधी वाचायचा चष्मा घरी ठेवा. पाकिटामागचे मुंगीएवढे आकडे वाचणारा माणूस कधी सुखी झालाय? 120 म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, हे कळून मिठाई जास्त गोड लागणार आहे का?

कॅप्सूलचं टरफल कशाचं, हे विचारू नका. ताप उतरला ना?

परदेशातून आलेलं मार्शमेलो पोरांना खुशाल द्या. त्यातलं (आणि बहुतेक कॅप्सूलच्या टरफलातलंही) जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं खरं, पण त्यात हाड दिसतंय कुठे?

हॉटेलात गेलात तर फक्त पीस मोजा. हे मी नुकताच शिकलो. आईच्या पंचाहत्तरीला पुण्यातल्या एका झगमगीत हॉटेलात गेलो होतो. आईने जन्मात अंडं खाल्लेलं नाही. मेन्यूवर हिरवा ठिपका बघून थाई ग्रीन करी मागवली. चार घास झाले आणि ती हळूच म्हणाली, "अरे, याला कोळीवाड्यातला वास येतोय." वेटरला बोलावलं. "प्युअर व्हेज आहे सर, एकही पीस नाही." मग वास कसला? "थोडी श्रिंप पेस्ट असते सर, फ्लेवरपुरती. आणि फिश सॉस. पण पीस नाहीत." मॅनेजर आले, त्यांनी हेच इंग्रजीत सांगितलं. वर उदार होऊन म्हणाले, "मशरूम एक्स्ट्रा टाकून देऊ का?" म्हणजे या हिशोबाने तांबडा-पांढरा रस्साही व्हेजच! वाटीत पीस आला नाही की झालं. उद्यापासून संकष्टीला ओरपायला हरकत नाही.

पास्त्यावर किसलेलं अस्सल पार्मेझान चीजही बिनधास्त खा. वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याशिवाय, ते बनवायचं नाही, असा त्याचा नियमच आहे. इटलीवाले हे लपवत नाहीत. ठिपका आपल्याकडे कधीकधी हिरवा होतो.

डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावलं होतं की नुसते सांकेतिक आकडे छापून भागणार नाही. घटक वनस्पतीचा की प्राण्याचा ते लिहा, प्रमाण कितीही कमी असो. पण 'फ्लेवरपुरतं' नावाचं कलम बहुधा त्याहून वरचं असावं.

आणि हॉटेलवाल्यांनो, कृपा करून 'तुम्ही शाकाहारी लोक फार नखरे करता' हे ऐकवू नका. माझे मालवणचे काका माझ्या शेजारी बसून बोंबील खातात, मी वरणभात खातो, आजवर भांडण नाही. कारण त्यांच्या ताटात बोंबील आहे हे ते सांगतात! तुम्ही पंचाहत्तर वर्षांच्या बाईला न सांगता मासा खाऊ घातलात आणि बिलात सर्व्हिस चार्जही लावलात. लाज वाटायला हवी. करीच्या नावापुढे 'हँडक्राफ्टेड', 'ऑथेंटिक', 'शेफ्स सिग्नेचर' एवढं सगळं छापायला जागा होती, 'यात मासा आहे' एवढे तीन शब्द मावले नाहीत?