खुलासा : हायब्रिडचा दिवा लागला म्हणजे अख्खी बॅटरी बाद नव्हे

‘डॅशबोर्डवर हायब्रिडचा इशारा आला की पूर्ण बॅटरी बदला, नाहीतर एक नवं मॉड्यूल (बॅटरीतला एक सुटा भाग) टाका, काम झालं,’ असा हायब्रिड म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांबद्दलचा मेसेज बेळगाव-खानापूर-निपाणी भागात फिरतोय. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

जुन्या टोयोटा कॅमरी हायब्रिडच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत ७.२ व्होल्टची ३४ मॉड्यूल्स एकामागोमाग जोडलेली असतात. एक कमजोर झालं तरी इशारा येतो. त्यात एकच कोरं मॉड्यूल घातलं, तर त्याची क्षमता बाकीच्यांशी जुळत नाही, तफावत वाढते आणि काही महिन्यांत दिवा परत लागतो. बाकीच्यांच्या क्षमतेचं तपासलेलं जुनं मॉड्यूल घ्या आणि बसवण्याआधी सगळी समांतर जोडून व्होल्टेज एकसारखं करा.

त्याआधी गाडीला तपासणीचा स्कॅनर लावून चोर्ला घाटाच्या चढावर प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे दोन-दोन मॉड्यूल्सच्या जोडीचं, व्होल्टेज बघा. एखादा ब्लॉक इतरांपेक्षा व्होल्टभर खाली गेला तर तिथंच शोधा. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात मॉड्यूल्स जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, मॉड्यूल धड असूनही रीडिंग बिघडतं. पट्ट्या घासून घ्या, नट मात्र टॉर्क पान्यानंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या) आवळा. जास्त आवळला तर मॉड्यूलवरचा स्टड (नट बसतो तो आटेदार खिळा) उपटून येतो. मागच्या सीटजवळची हवेची जाळी आणि पंखाही साफ करा, ती तुंबणं हे बॅटरी तापण्याचं नेहमीचं कारण.

सर्व्हिस प्लग (बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग) काढून दहा मिनिटं थांबल्याशिवाय आणि १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही मॉड्यूल्समध्ये जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असतं.