व्हीबी सिक्सवाल्यांनी पळायचं कधी?

कॉलेजचा निकाल लागला की खानापूर, निपाणीकडच्या पोरांचे मेसेज सुरू होतात. ‘दादा, बेळगावातच जॉब मिळतोय, पण सॉफ्टवेअर लई जुनं आहे म्हणे. घेऊ का पुणं गाठू?’ पुण्यातली मंडळी डोळे झाकून ‘पळ’ म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

हे जुनं सॉफ्टवेअर म्हणजे बहुधा व्हिज्युअल बेसिक ६, आमच्या तोंडी व्हीबी सिक्स. मायक्रोसॉफ्टची ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली १९९८ साली. त्यात प्रोग्रॅम लिहायचं जे टूल आहे, त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २००८ मध्ये थांबवला. त्यात केलेले प्रोग्रॅम मात्र आजही विंडोजवर चालतात, आणि चालतंय तोवर पैसे कोण घालणार? मी आपल्या ठेवी-कर्जवाल्या सोसायट्यांसाठी हेच सांभाळत आलो. पुढे व्हीबी सिक्सचे स्क्रीन, मागे माहिती साठवायला अ‍ॅक्सेस. अ‍ॅक्सेसची फाईल २ जीबीला टेकली की संपलं, म्हणून जुनी वर्षं काढून बाजूला ठेवायची. त्यात आधीच्या कुणा महाभागानं जागोजागी ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहिलेलं, म्हणजे चूक झाली तरी प्रोग्रॅम मुकाट पुढे. ३१ मार्चला ताळेबंद जुळेना की बसा रात्रभर.

सभासदांची नावं मराठीत, पण जुन्या फॉन्टमध्ये. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, ती नंतर येते. नावं युनिकोडमध्ये नेताना ‘स्मिता’ची वेलांटी ‘स्’ आणि ‘म’ दोन्ही ओलांडून न्यावी लागते, मध्येच थांबली तर पासबुकावर बाईंचं नाव भलतंच. हे डोक्याचं काम आहे. इंटरव्ह्यूला मात्र त्याबद्दल कुणी विचारत नाही. नव्या टूल्सचंच विचारतात: रिअ‍ॅक्ट येतं का, स्प्रिंग बूट येतं का, क्लाउडवर काय केलंय? नाही? बरं, कळवतो.

तरी भाषा जुनी असल्यानं माणूस फारसा बिघडत नाही. भाषा काही महिन्यांत शिकता येते. बिघडतो तो कामाच्या पद्धतीनं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशा फोल्डरांचा पेनड्राइव्ह, टेस्टिंग थेट गिऱ्हाइकाच्या काउंटरवर, आणि आपला कोड दुसऱ्या कुणी वाचतच नाही. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट २००५ पासून आहे. व्हीबी सिक्सच्या फॉर्म आणि मॉड्यूलच्या फाइली साध्या टेक्स्टच असतात, त्या गिटमध्ये खुशाल ठेवता येतात. मग का नाही ठेवत? कारण मालकाला गरज वाटत नाही आणि आपल्याला कुणी हटकत नाही.

मालकाचं ‘तुझ्याशिवाय चालत नाही गा’ हे वाक्य ऐकलं की पूर्वी मूठभर मांस चढायचं. पगारवाढीचा विषय काढला की तोच माणूस खिडकीबाहेर बघतो. बाहेर आपल्याला कोण घेणार नाही, हे त्याला आपल्याआधी कळलेलं असतं.

आणि वर उपदेश काय, तर ‘रात्री कोर्स कर’. नऊ तास व्याज आकारणी दुरुस्त करून आलेल्या माणसानं जेवून रिअ‍ॅक्ट शिकायचं, आणि ते सर्टिफिकेट अनुभवात धरलं जाणार नाही. शिकायचं तर ऑफिसच्या वेळेत, चालू कामावर. एखादा रिपोर्ट, मोबाईलवर ठेवीची शिल्लक दाखवणारं एखादं पान, एवढा तुकडा तरी नव्यात करू द्या म्हणून मागून घ्या.

म्हणून पोरांनो, घरून डबा घेऊन जाता येतो म्हणून ही नोकरी घेतलीत तर मी नावं ठेवणार नाही. व्याज, ठेवी, टीडीएस, हिशेब इथं पक्के होतात. फक्त जॉइन व्हायच्या आधी मालकाला विचारा, ‘यातलं नव्यात काय आणि कधी नेणार?’ तो ‘बघू पुढे’ म्हणाला, तर पुण्याचं तिकीट काढा.